जावा डीबग मोडमध्ये चालवलं की सगळं रांगायला लागतं – नेमकं कुठे बघायचं?

बिलबॅच यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

एका बिलिंग सर्व्हिसवर काम करतोय. स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क), हायबरनेट (डेटाबेसमधल्या नोंदी ऑब्जेक्ट म्हणून देणारी लायब्ररी), जेडीके १७, आयडीई (कोड लिहायचं आणि तपासायचं साधन) इंटेलिजे. त्यात महिनाअखेरीला चालणारी एक बॅच आहे. साधारण २ लाख बिलांवरून फिरते, प्रत्येक बिलाच्या पाच-सहा ओळी घेते, सवलत आणि कर लावते आणि शेवटी बेरीज जुळवते. नुसतं रन केलं तर दोनेक मिनिटांत काम उरकतं.

आता एका ठरावीक बिलाची बेरीज शेवटच्या दशांश स्थळी चुकतेय. बाकी सगळी बरोबर. म्हणून आतल्या लूपमध्ये, ओळीची रक्कम मोजतो तिथे, ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण) लावला आणि त्याला अट दिली की बिल क्रमांक अमुक असेल तरच थांब. क्रमांक स्ट्रिंग आहे, त्यामुळे अटीत गेटर (क्रमांक परत देणारी मेथड) आणि मग इक्वल्स (तुलना करणारी मेथड). डीबगमध्ये बॅच सुरू केली आणि तासाभरानंतरही ती त्या बिलापर्यंत पोचली नव्हती. शेवटी बंद केली. त्या वेळात सीपीयू पूर्ण वापरला जात नव्हता, हे मला विशेष विचित्र वाटलं. काम होत नाहीये आणि मशीनही दमत नाहीये.

त्याशिवाय आणखी दोन त्रास. कुठेही थांबलो की व्हेरिएबल्सच्या खिडकीत काही सेकंद नुसतं ‘कलेक्टिंग डेटा’ दिसतं, आणि स्टेप ओव्हर (एक ओळ चालवून पुढच्या ओळीवर थांबणं) केलं की पिवळी पट्टी पुढच्या ओळीवर यायला कधीकधी अर्धा मिनिट लागतो. सर्व्हिस वर यायलाही रनच्या मानाने डीबगमध्ये बराच जास्त वेळ जातो.

आयडीईची हीप वाढवली, कॅशे साफ केले, नवी आवृत्ती घेतली. फरक शून्य. टीममधले म्हणतात, लॉग टाक आणि मोकळा हो. लॉगला माझा विरोध नाही, पण काय छापायचं हे आधी माहीत असेल तरच लॉग कामाचा. मला त्या क्षणी कोणत्या ऑब्जेक्टमध्ये काय आहे ते फिरून बघायचंय.

जावाचा डीबगर मुळातच इतका संथ असतो का? नसेल तर कोणत्या क्रमाने काय तपासू?

---

टेस्टफर्स्ट यांचं उत्तर

विंडोजवर असाल तर आधी अँटीव्हायरस बघा. प्रोजेक्टचं फोल्डर, जेडीकेचं फोल्डर, मेव्हन किंवा ग्रेडलचा कॅशे आणि आयडीईचं स्वतःचं कॅशे फोल्डर हे सगळं स्कॅनमधून वगळायला सांगा. सर्व्हिस सुरू होताना हजारो क्लास जारमधून वाचले जातात आणि प्रत्येक वाचनावर स्कॅन बसला तर वेळ जाणारच. ऑफिसच्या मशीनवर हे आपल्या हातात नसतं, आयटीकडे मागावं लागतं. पण मागा.

दुसरं म्हणजे एकाच बिलासाठी २ लाख बिलं कशाला फिरवताय? ते बिल आणि त्याच्या ओळी बाजूला काढा, मोजणारा क्लास थेट बोलवणारी छोटी टेस्ट लिहा आणि टेस्ट डीबग करा. दुरुस्ती झाल्यावर तीच टेस्ट कायमची राहते. मोठ्या बॅचमध्ये डीबगर घेऊन शिरणं हा माझ्या मते शेवटचा उपाय आहे.

मात्र चूक आधीच्या बिलांमुळे येत असेल, म्हणजे कुठेतरी राखून ठेवलेला दर किंवा सामाईक ऑब्जेक्ट बदलत असेल, तर एकट्या बिलाच्या टेस्टमध्ये ती दिसणार नाही. तेव्हा बॅचच चालवावी लागेल.

---

हॉटस्पॉटवाचक यांचं उत्तर

टेस्टची सूचना चांगली आहे आणि मी पण आधी तेच करून बघेन. पण मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, कारण ‘डीबगर संथच असतो’ असं समजून लोक तो वापरणंच सोडून देतात, आणि तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

नाही, डीबगर जोडला म्हणून जावा संथ होत नाही. एके काळी होत असे. डीबग चालू केलं की हॉटस्पॉट (जेव्हीएम, म्हणजे जावा प्रोग्रॅम चालवणारं इंजिन) सगळा प्रोग्रॅम फक्त इंटरप्रिटरने, म्हणजे एकेक सूचना वाचत संथपणे, चालवायचं. २००२ साली आलेल्या जावा १.४ मध्ये हे बदललं. तेव्हापासून डीबगर जोडलेला असतानाही कोड कंपाइल होतो (वेगवान मशीन कोडमध्ये बदलला जातो) आणि एकही ब्रेकपॉइंट नसेल तर वेग जवळजवळ रनइतकाच असतो. ताबडतोब पडताळून बघा: बॅच डीबगमध्येच सुरू करा, पण ‘म्यूट ब्रेकपॉइंट्स’ दाबून. ती दोन-अडीच मिनिटांत संपली तर दोष ब्रेकपॉइंटचा. संपली नाही तर दुसरीकडे शोधायचं, त्याबद्दल खाली लिहितो.

मला खात्री वाटते की ती संपेल. तुमची सीपीयूची नोंद फार मोलाची आहे आणि तिच्यावरूनच सांगतो.

डीबग करताना दोन प्रोसेस असतात. तुमचा प्रोग्रॅम एका जेव्हीएममध्ये, आयडीई दुसऱ्यात. प्रोग्रॅमच्या जेव्हीएममध्ये एक एजंट बसतो आणि आयडीई त्याच्याशी सॉकेटवरून जेडीडब्ल्यूपी नावाच्या प्रोटोकॉलमध्ये बोलते. या प्रोटोकॉलमध्ये ‘ही अट तपास आणि खरी असेल तरच मला सांग’ असा निरोपच नाही. अट आयडीई तपासते. म्हणजे ब्रेकपॉइंटवर आलं की दर वेळी असं होतं: थ्रेड थांबतो, आयडीईला इव्हेंट जातो. आयडीई फ्रेम (चालू मेथडची नोंद) मागते. बिलाचं लोकल व्हेरिएबल मागते. त्याचा गेटर चालवायला सांगते आणि उत्तराची वाट बघते. तुलनेसाठी लागणारी स्ट्रिंग पलीकडच्या जेव्हीएममध्ये तयार करायला सांगते. मग इक्वल्स चालवायला सांगते. उत्तर ‘नाही’ आलं की पुढे चालू दे म्हणते. या पॅकेटचं हेडर फक्त ११ बाइटचं, त्यामुळे डेटा किती जातो याला महत्त्व नाही. खेपा किती होतात याला आहे. दोन्ही प्रोसेस बहुतेक वेळ एकमेकींची वाट बघत असतात, म्हणूनच सीपीयू रिकामा दिसतो.

आता हिशेब करा. एका तपासणीला सगळं धरून ५ मिलिसेकंद लागतात असं समजू. तुमचा ब्रेकपॉइंट आतल्या लूपमध्ये आहे, म्हणजे २ लाख गुणिले सहा, १२ लाख वेळा. ६००० सेकंद झाले. एक तास चाळीस मिनिटं. तुम्ही तासाभराने बंद केलं, म्हणजे अर्ध्याहून थोडं पुढे गेला होतात.

उपाय सोपा आहे, पण एका बारकाव्यासकट. अट कोडमध्येच लिहा. आतल्या लूपमध्ये एक इफ टाका आणि क्रमांक जुळला तर एखादी छोटी वेगळी मेथड बोलवा, जिच्यात एकच निरुपद्रवी ओळ आहे. ब्रेकपॉइंट त्या मेथडच्या आत लावा, अटीशिवाय. थांबल्यावर फ्रेम्सच्या यादीत एक पायरी खाली गेलात की तुमचा लूप, तुमची व्हेरिएबल्स, सगळं समोर.

वेगळी मेथड का, इफच्या आतच ब्रेकपॉइंट का नको? ज्या मेथडमध्ये ब्रेकपॉइंट आहे ती हॉटस्पॉट कंपाइल करत नाही. त्या ओळीचा मूळ बाइटकोड (जेव्हीएमसाठीची सूचना) काढून तिथे ब्रेकपॉइंटचा खास बाइटकोड, क्रमांक २०२, बसवला जातो आणि ती पूर्ण मेथड इंटरप्रिटरमध्ये चालते, ती ओळ कधीच गाठली गेली नाही तरीही. तुमचा लूप त्याच मेथडमध्ये असेल तर सगळ्या १२ लाख फेऱ्या इंटरप्रिटरमध्ये होतील. ब्रेकपॉइंट बाहेर काढला की लूपची मेथड कंपाइल होऊन पूर्ण वेगाने पळते. ही इफ कमिटमध्ये जाऊ देऊ नका, एवढंच.

कोडला हात लावायचा नसेल तर अट बाहेरच्या लूपवर द्या, जिथे ती २ लाख वेळाच तपासली जाईल, आणि आतला ब्रेकपॉइंट विनाअट ठेवून त्याला ‘हा दुसरा ब्रेकपॉइंट लागेपर्यंत बंद’ असं करा. इंटेलिजेमध्ये ब्रेकपॉइंटच्या गुणधर्मांत ही सोय आहे. तोवर आतला ब्रेकपॉइंट जेव्हीएमला कळवलाच जात नाही. शिवाय स्ट्रिंगऐवजी एखाद्या लाँग किंवा इंट फील्डची थेट तुलना केलीत तर मेथड चालवायच्या खेपा वाचतात. ‘सस्पेंड’मध्ये ‘ऑल’ऐवजी ‘थ्रेड’ निवडा, म्हणजे दर वेळी सगळे थ्रेड थांबवून परत सोडावे लागणार नाहीत. आणि ते बिल कितवं आहे हे माहीत असेल तर पास काउंट (ठरावीक वेळा ओलांडल्यावरच थांबणं) वापरा. मोजणी प्रोटोकॉलमध्येच आहे, ती पलीकडचा एजंट करतो, त्यामुळे मधल्या फेऱ्यांना आयडीईकडे खेप होत नाही. पण पास काउंट आणि अट एकत्र देऊ नका, तेव्हा हा फायदा जातो.

न थांबता फक्त छापणारा ब्रेकपॉइंट फुकट असतो असा अनेकांचा समज आहे. तो थांबत नाही, पण छापायचं काय हे विचारायला खेप तर होतेच.

आता इतरांसाठी, कारण हा धागा शोधून येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं कारण हे असेल: मेथड ब्रेकपॉइंट. मेथडच्या नावाच्या ओळीवर क्लिक केलं की गोल ठिपक्याऐवजी पत्त्यांतल्या चौकटसारखा तिरका चौकोन येतो, तो. तो लावला की जेव्हीएमकडे ‘मेथडमध्ये शिरताना कळव’ अशी मागणी जाते आणि हॉटस्पॉटमध्ये ही मागणी ज्या थ्रेडवर लागू असते तो थ्रेड पूर्णपणे इंटरप्रिटरमध्ये जातो. एक मेथड नव्हे, त्या थ्रेडवर चालणारं सगळंच. इंटरफेसच्या मेथडवर लावला तर आणखी वाईट. इंटेलिजेमध्ये त्याला ‘एम्युलेटेड’ अशी खूण आहे. ती असेल तर आयडीई हुशारीने मेथडच्या सुरुवातीला आणि शेवटी साधे ब्रेकपॉइंट लावते आणि हा त्रास टळतो. फील्डवरचा वॉचपॉइंटही याच जातीचा. तो अत्यंत उपयोगी आहे, एखादं फील्ड कोण बदलतंय ते शोधायला दुसरं काही इतकं नेमकं नाही, पण काम झालं की काढायचा.

‘कोणताही एक्सेप्शन’वरचा ब्रेकपॉइंटही तपासा. मोठ्या फ्रेमवर्कमध्ये सुरू होताना आतल्या आत पकडून गिळलेले एक्सेप्शन भरपूर असतात. ‘कॉट’ची (पकडलेल्या एक्सेप्शनची) खूण काढा किंवा क्लासचा फिल्टर द्या.

अंदाज बांधत बसायचं नसेल तर इंटेलिजेच्या डीबग खिडकीत ‘ओव्हरहेड’ नावाचा टॅब आहे, लेआउटच्या सेटिंगमधून दाखवता येतो. कोणत्या ब्रेकपॉइंटवर किती वेळा आलो आणि त्यात किती वेळ गेला, ते तिथे आकड्यात दिसतं. मी कुणाच्याही मशीनवर बसलो की पहिला हाच टॅब उघडतो.

म्यूट करूनही संथ असेल तर दोन जागा बघा. एक, स्प्रिंग बूटच्या रन कॉन्फिगरेशनमधलं ‘लाँच ऑप्टिमायझेशन’. ते चालू असलं की जेव्हीएमला पहिल्या पातळीच्या कंपायलरवरच थांबायला सांगितलं जातं. सर्व्हिस लवकर वर येते, पण जड हिशेब करणाऱ्या बॅचला दुसरा, जास्त वेगवान कोड बनवणारा कंपायलर मिळतच नाही. तुमच्यासारख्या बॅचसाठी ते बंद करून बघा. दोन, असिंक स्टॅक ट्रेससाठी आयडीई स्वतःचा एक एजंट जोडते. थ्रेड पूल, फ्यूचर किंवा रिअ‍ॅक्टिव्ह कोड खूप असेल तर त्याचा भार जाणवतो. डीबगरच्या सेटिंगमध्ये ‘असिंक स्टॅक ट्रेसेस’ खाली तो बंद करता येतो.

व्हेरिएबल्सच्या खिडकीचं कारण हायबरनेटमध्ये असणार. त्यावर माझ्यापेक्षा नीट सांगणारे इथे आहेत.

---

बिलबॅच

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल खरंच आभार.

म्यूट करून बॅच जवळजवळ रनच्याच वेळात संपली. मग वेगळ्या मेथडवाला उपाय केला आणि बॅच दोन मिनिटांच्या आत नेमक्या त्या बिलावर येऊन थांबली. ओव्हरहेड टॅबमध्ये जुना अटीचा ब्रेकपॉइंट परत चालू करून पाहिला, आकडा डोळ्यांसमोर वाढत जातो. हा टॅब इतका आत का ठेवलाय कळत नाही, तो पहिल्या पानावर हवा.

आता थांबल्यावरचा त्रास उरलाय. बिलाचं ऑब्जेक्ट व्हेरिएबल्समध्ये दिसायला पाच-सात सेकंद, आणि ते चालू असताना कन्सोलमध्ये हायबरनेटच्या क्वेरी छापल्या जातात. मी काहीच चालवलेलं नसताना! स्टेप ओव्हरचंही तसंच.

आणि एक जोडप्रश्न. टेस्ट सर्व्हरवरच्या सर्व्हिसला व्हीपीएनमधून रिमोट डीबगर जोडतो तेव्हा हे सगळं कित्येक पटींनी वाढतं. त्याला काही इलाज आहे का?

---

लेझीलोड यांचं उत्तर

क्वेरी तुमचा कोड चालवत नाहीये, व्हेरिएबल्सची खिडकी चालवतेय.

ऑब्जेक्टच्या शेजारी जो मजकूर दिसतो तो आणण्यासाठी आयडीई त्या ऑब्जेक्टचं टू-स्ट्रिंग चालवते, जिथे क्लासने ते स्वतः लिहिलेलं असेल तिथे. तुमच्या एंटिटीवर (डेटाबेसमधल्या नोंदीच्या क्लासवर) लोंबोकने (असा कोड आपोआप बनवणाऱ्या लायब्ररीने) टू-स्ट्रिंग तयार केलेलं असेल तर त्यात ओळींची यादी आली, ओळीत वस्तू आली, वस्तूत कदाचित परत बिल आलं. यादी लेझी (लागेल तेव्हाच भरली जाणारी) असली की तिला हात लागताच हायबरनेट डेटाबेसकडे धावतं. सेशन बंद असेल तर लेझी इनिशियलायझेशनचा एक्सेप्शन दिसतो. आणि हे सगळं प्रत्येक स्टेपनंतर पुन्हा होतं.

वेळ जातो हे त्यातलं लहान नुकसान. मोठं नुकसान असं की बघण्यानेच ऑब्जेक्ट बदलतो. जी यादी तुमच्या कोडमध्ये अजून भरलेली नव्हती ती डीबगरने भरली, आणि पुढचा कोड वेगळा वागला. ‘रनमध्ये बग येतो, डीबगमध्ये येत नाही’ अशा तक्रारी मी ज्या पाहिल्या त्यांत हे कारण वारंवार निघालंय. त्यामुळे हायबरनेटच्या प्रोजेक्टमध्ये मी हे सेटिंग बंदच ठेवते, वेग हा मुद्दा नसला तरी.

जागा: सेटिंग्ज, मग बिल्ड-एक्झिक्युशन-डिप्लॉयमेंट, डीबगर, डेटा व्ह्यूज, जावा. तिथे टू-स्ट्रिंगचा पर्याय पूर्ण काढा किंवा ठरावीक क्लासपुरता ठेवा. कलेक्शनचं पर्यायी दृश्यही तिथेच आहे. ते यादीचा साइज आणि घटक मेथड चालवून आणतं, म्हणजे लेझी यादीवर तोच परिणाम. ते काढलं की यादीची आतली रचना दिसते, बघायला कमी सोयीची, पण खरी. एक्लिप्समध्ये याला लॉजिकल स्ट्रक्चर म्हणतात, व्हीएस कोडच्या जावा डीबगरमध्येही टू-स्ट्रिंग आणि लॉजिकल स्ट्रक्चरचे दोन वेगळे पर्याय आहेत. एंटिटीसाठी हवाच असेल तर स्वतःचा रेंडरर लिहा जो फक्त आयडी आणि क्रमांक दाखवेल, दोन्ही फील्ड थेट वाचून, मेथड न चालवता.

वॉचमध्ये ठेवलेली एक्स्प्रेशन्सही प्रत्येक थांब्यावर चालतात. स्ट्रीम वापरून बेरीज काढणारं वॉच तिथे असेल तर काढा आणि हवं तेव्हा इव्हॅल्युएट करून बघा. एडिटरमध्ये ओळीशेजारी दिसणाऱ्या किमतींचंही तेच.

रिमोटबद्दल. वर खेपांचा हिशेब आलाच आहे. व्हीपीएनवर एक खेप ४० मिलिसेकंदांची असेल आणि एक फ्रेम दाखवायला शंभर खेपा लागत असतील, तर चार सेकंद नुसते वाटेत गेले. बँडविड्थ वाढवून यात काही होत नाही. खेपा कमी करायच्या किंवा अंतर कमी करायचं. वरचं सगळं बंद केलंत की खेपा खूप कमी होतात. अंतर कमी करायचं तर आयडीईचा मागचा भाग सर्व्हरजवळच्या मशीनवर चालवा आणि समोर फक्त पडदा ठेवा. मग जेडीडब्ल्यूपीचं बोलणं तिथल्या तिथे होतं.

दोन गोष्टी सांभाळा. टेस्ट सर्व्हर सामाईक असेल तर ‘सस्पेंड ऑल’ मुळीच नको, तुम्ही थांबलात की सगळ्यांचीच सर्व्हिस थांबते. आणि जेडीडब्ल्यूपीला पासवर्ड वगैरे काही नसतं. जो पोर्टपर्यंत पोचला तो त्या जेव्हीएममध्ये हवा तो कोड चालवू शकतो. जेडीके ९ पासून नुसता पोर्ट क्रमांक दिला तर एजंट फक्त लोकलहोस्टवर ऐकतो, बाहेरून घ्यायचं असेल तर पोर्टआधी तारांकन आणि कोलन द्यावं लागतं. ते तारांकन लावूच नका. लोकलहोस्टवरच ठेवा आणि एसएसएचचा बोगदा काढून जोडा.

---

हॉटस्पॉटवाचक

स्टेप ओव्हरचं राहिलं होतं. टू-स्ट्रिंग बंद केल्यावर त्यातला बराच वेळ वाचेल, पण अर्धा मिनिट म्हणताय त्याचं दुसरं कारणही असू शकतं आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

मोठी मेथड बोलावणाऱ्या ओळीवर तुम्ही स्टेप ओव्हर केलं की एजंट सिंगल स्टेप चालू करतो. आतल्या मेथडमध्ये शिरताच तो सिंगल स्टेप बंद करतो आणि ‘ही फ्रेम संपली की कळव’ अशी मागणी ठेवतो. पण हॉटस्पॉटच्या लेखी सिंगल स्टेप, मेथडमध्ये शिरणं, बाहेर पडणं आणि फ्रेम संपणं या सगळ्या मागण्यांना एकच नियम: ज्या थ्रेडवर ही मागणी आहे तो इंटरप्रिटरमध्ये चालणार. म्हणजे आतली मेथड आणि तिने पुढे बोलावलेलं सगळं, हायबरनेट आणि जेडीबीसी ड्रायव्हरसकट, कंपाइल केलेला कोड तयार असूनही इंटरप्रिटरने चालतं. हलक्या ओळीवर हे कळतही नाही. हजारो ऑब्जेक्टवर फिरणारी ओळ असेल तर चांगलंच कळतं.

अशा ओळीवर स्टेप ओव्हर करू नका. पुढच्या ओळीवर कर्सर नेऊन ‘रन टू कर्सर’ करा. तो तिथे एक तात्पुरता साधा ब्रेकपॉइंट लावतो, त्यामुळे फक्त तुमची सध्याची मेथड इंटरप्रिटरमध्ये राहते आणि आतलं सगळं पूर्ण वेगाने होतं. स्टेप आउटलाही हाच नियम लागू. लांबलचक लूपच्या मधून स्टेप आउट करण्यापेक्षा बोलावणाऱ्या मेथडमधल्या पुढच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून रिझ्यूम केलेलं बरं.

---

बिलबॅच

सगळं करून पाहिलं. टू-स्ट्रिंग आणि कलेक्शनचं दृश्य बंद केल्यावर व्हेरिएबल्स लगेच दिसतात आणि कन्सोलमधल्या क्वेरी थांबल्या. रेपॉझिटरी बोलावणाऱ्या ओळीवर रन टू कर्सर आणि स्टेप ओव्हर दोन्ही करून बघितलं, फरक घड्याळ न लावताही कळतो. सर्व्हिस वर यायचा वेळ असिंक एजंट बंद केल्यावर खाली आला, आमच्याकडे थ्रेड पूल बरेच आहेत.

बिलाचं कारणही सापडलं. सवलतीनंतर प्रत्येक ओळीचं राउंडिंग होतं आणि बेरजेवर कर लावल्यावर परत एकदा. त्या एका बिलात दोन ओळी अगदी अर्ध्यावर होत्या आणि दोन्ही वर ढकलल्या गेल्या. बिग डेसिमलचं स्केल (दशांश स्थळांची संख्या) थेट फील्डमध्ये बघितल्यावर ते दिसलं. त्याची टेस्टही लिहिली.

एकच विचारायचंय. बॅच आठ थ्रेडवर चालवली तर रन टू कर्सरला दुसराच थ्रेड आधी येऊन थांबतो. त्याला काय करायचं?

---

हॉटस्पॉटवाचक

तिथे ‘सस्पेंड थ्रेड’वर चालवत असाल तर बाकीचे सात पळतच असतात, त्यांच्यापैकी कुणीही आधी पोचणार. शोधापुरता पूल एका थ्रेडचा करता आला तर सगळ्यात सरळ. करता येत नसेल तर रन टू कर्सरऐवजी साधा ब्रेकपॉइंट लावा आणि अटीत चालू थ्रेडचं नाव तपासा. इथे अटीच्या खेपा परवडतात, कारण ही ओळ बिलामागे एकदाच येते आणि तुम्ही हव्या त्या बिलावर आधीच थांबलेला आहात. एक्लिप्स वापरणाऱ्यांना ब्रेकपॉइंटच्या गुणधर्मांत थ्रेड निवडायचा फिल्टरच मिळतो. तो प्रोटोकॉलमधला फिल्टर आहे, पलीकडचा एजंटच तपासतो, त्यामुळे इतर सात थ्रेडसाठी एकही खेप होत नाही.